गोधडी ओढायची नाही, निजवायची

महिन्याला दोन-तीन जणी तरी दुकानात येऊन काउंटरवर गोधडी पसरतात आणि मधल्या फुग्यावर हात मारून विचारतात, "ताई, हे असं का झालं? सुई चुकली का?" चारी कडा व्यवस्थित असतात, टाकेही बरे असतात, आणि बरोबर मध्यभागी पुरी फुगावी तसं कापड वर आलेलं असतं. सुईचा दोष नसतो, दोऱ्याचाही नसतो. (मी दोन्ही विकते, त्यामुळे "नवीन सुई घ्या" म्हणणं माझ्या सोयीचं आहे, पण उपयोग होणार नाही.) फुगा शिवताना दिसतो, पडलेला असतो तो अंथरताना.

हे मला आमच्याकडे गोधड्या शिवून देणाऱ्या मावशींनी शिकवलं. पहिली गोधडी अंथरताना मी पलंगावर चादर घालतात तसा प्रत्येक थर कोपऱ्यांना धरून ताणत होते. त्या दारात बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्येला वडायचं न्हाई गं. निजवायचं." ताणलेलं कापड टाके पडायला लागले की मूळ मापावर परत येतं. शेजारचा न ताणलेला थर आहे तेवढाच राहतो. मग जास्तीचं कापड सुईपुढे सरकत सरकत मध्ये गोळा होतं, आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते.

म्हणून या लेखात शिवण्याइतकीच जागा शिवण्याआधीच्या कामाला दिली आहे. माप धरलं आहे ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० बाय ८४ इंच. एका माणसाची पांघरायची साधी गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात.

कोणत्या साड्या

सुती आणि वापरलेल्या. जुन्या साडीचं कापड आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, खळ गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि सुई लोण्यात शिरावी तशी शिरते. उजेडासमोर धरून बघा. विरळ झालेली पण धागा धरून असलेली साडी आतल्या थराला चालते. हातात घेताच चर्र होणारी नको. दोन धुण्यांत आतल्या आत तिचे गोळे होतात. वरच्या आणि खालच्या थराला मात्र त्यातल्या त्यात धडधाकट साडी ठेवा.

नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट यांना सुतीबरोबर बसवू नका. माझ्या दुसऱ्या गोधडीत मी मधे एक नायलॉनची साडी घातली होती, आत कोणाला दिसतंय म्हणून. खाली अस्तराला घेतलं कोरं सुती कापड, तेही न धुता. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, नायलॉन जिथल्या तिथे राहिलं, आणि भाजताना पापड वाकतो तशी गोधडी चारी बाजूंनी वळली. ती अजून आमच्या माळ्यावर आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच सहज आटतं. ८४ इंचांवर ते अडीच ते चार इंच होतात. त्यामुळे नवीन कापड घेतलंच तर ते आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापायला घ्यायचं.

रंग जातो का ते बघायला साडीचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरा रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर ती साडी पुन्हा पुन्हा धुवा, नाहीतर बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं खूप जणी सांगतात. मीठ कापड रंगवताना उपयोगी पडतं; रंगवून विकलेल्या साडीचा सुटा रंग ते बांधून ठेवत नाही. खळ असेल तीही पूर्ण धुऊन काढा. कसर खळीवरच येते.

हिशेब

सहावारी साडी २१६ इंच लांब, नऊवारी ३२४. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच, पण टेप लावून बघा. एका बाजूचा काठ काढला की ४२-४३ इंच उरतात. साडीचे ६० इंची तुकडे करायचे आणि दोन तुकडे पन्ह्याने शेजारी लावायचे: ६० बाय ८४ चा एक थर तयार.

सहावारीतून असे ३ तुकडे निघतात आणि ३६ इंच उरतात. नऊवारीतून ५ निघतात आणि २४ इंच उरतात. चार थरांच्या गोधडीला ८ तुकडे हवेत. एक नऊवारी आणि एक सहावारी, हिशेब चोख बसतो. पाच थर हवे असतील तर एक नऊवारी आणि दोन सहावारी घ्या. त्यात एक तुकडा ठिगळांना शिल्लक राहतो. पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी चारच्या वर जाऊ नये. पाचव्या थराला हाताची बोटं बोलायला लागतात.

आता महत्त्वाचं: तुकडे करायच्या आधी नऊवारीचा एक काठ अखंड काढून ठेवा. गोधडीचा घेर (६० + ८४) × २, म्हणजे २८८ इंच, बरोबर ८ वार. नऊवारीचा काठ ९ वार. चारी बाजूंनी फिरून कोपरे मोडून वर वारभर उरतो, कुठेही जोड न देता. आधी तुकडे पाडले की हा काठही तुकड्यांबरोबर जातो, आणि मग गोटासाठी, म्हणजे कडेभोवतीच्या पट्टीसाठी, तुकडे जोडत बसावं लागतं. काठ जरीचा असेल तर गोटालाही वापरू नका, मानेला टोचतो. सहावारीचा काठही जरीचा असेल तर दोन्ही बाजूंचा काढा.

तुकडे कात्रीने कापू नका, फाडा. कात्रीने बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी सरळ फाडत न्या. सुती कापड धाग्याला धरून फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. कात्री सरळ चालल्यासारखी वाटते आणि तिरकी जाते. तिरपं कापड ताणलं जातं, आणि फुग्याची सुरुवात तिथून होते.

अंथरणं

फरशी पुसून कोरडी करा. सतरंजी वगैरे खाली नको. मऊ जागेवर कापडाच्या चुण्या लपून राहतात. फरशीच्या सांध्याच्या रेषा हाच तुमचा गुण्या. दोन फुटी फरशी असेल तर अडीच फरश्या रुंद आणि साडेतीन फरश्या लांब, की झालं माप.

अस्तराचे आणि वरच्या थराचे दोन-दोन तुकडे आधी जोडून घ्या, शिवण इस्त्रीने एका बाजूला पाडा. अस्तर उलटी बाजू वर करून रेषेला लावा आणि कडांना जागोजाग चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी कापड हलू नये म्हणून आहे, ताणायला नाही. बोटाने टिचकी मारल्यावर तबल्यासारखं वाजायला लागलं तर ताणलंय असं समजा आणि सोडवा.

मधल्या थरांचे तुकडे जोडायचे नाहीत, नुसते कडेला कड भिडवून ठेवायचे. एकावर एक चढवलेत तर तिथे वळ उठतो, फट ठेवलीत तर तिथे थंडी शिरते. आणि सगळ्या थरांचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका. वरच्या-खालच्या थराचा जोड मध्यावर, ४२ इंचांवर असतो. म्हणून दुसऱ्या थरात एका तुकड्याचे दोन उभे भाग करा: २१ इंची पट्टी, मध्ये अख्खा ४२ इंची तुकडा, पलीकडे उरलेली २१ इंची. तिसऱ्या थरात हेच १०, ४२ आणि ३२ असं लावा. जोड विखुरले की गोधडी घडी घालताना एका जागी मोडत नाही.

प्रत्येक थर सैलसर गुंडाळी करून आणा, मधोमध ठेवा आणि दोन्हीकडे उलगडा. मग तळहाताने, मधून बाहेरच्या दिशेला, पोळपाटावरचं पीठ पुसावं इतक्या हलक्या हाताने फिरवत न्या. बोटांची टोकं वापरू नका, ती कापड ओढतात. सगळे थर झाले की उठा आणि चहा करून प्या. खरंच. अर्ध्या तासात कापड आपलं आपण बसतं, आणि परत आल्यावर एखाद-दुसरी सुरकुती जागा दाखवते. ती आता तळहाताने निघते. नंतर उसवूनही निघत नाही.

मग टाचायचं. पांढरा दोरा, तीन-तीन इंची सैल टाके. रंगीत दोरा नको, ओला झाला तर रंग सोडतो. आधी मधोमध उभी-आडवी फुली, नंतर तिच्या दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतरावर ओळी. फुलीपासून कडेकडेलाच जायचं, कडेकडून मध्ये कधीच यायचं नाही. सुटलेली सुरकुती बाहेर निघून गेली पाहिजे. एकूण पंधराएक ओळी होतात आणि एक दुपार जाते. शहरातल्या हौशी मैत्रिणी टाचायच्या ऐवजी सेफ्टी पिना लावतात. लावा, पण मुठीमुठीवर लावायच्या तर तीनशेच्या वर लागतील, आणि शिवताना प्रत्येक पीन बांगडीत अडकेल.

धावदोरा

हाताच्या सुईचा नंबर जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक. मशीनच्या सुईचं नेमकं उलटं. हे माहीत नसल्यामुळे दहा नंबरची सुई नेऊन "दोराच ओवता येत नाही" म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच आहेत. गोधडीला ३ ते ५ नंबरची, लांब नेढ्याची भरतकामाची सुई घ्या.

दोरा सुती, पीळ असलेला. ८ नंबरचा पर्ल कॉटन छान दिसतो. त्याच्या १० ग्रॅमच्या गोळ्यात ८०-८५ मीटर असतो. आता किती लागेल? एक-एक इंचावर ओळी धरल्या तर ६० इंचाच्या ८४ ओळी, म्हणजे ५,०४० इंच, साधारण १२८ मीटर. दोरा वर-खाली जाण्यात आणि गाठींत आणखी चौथाई जातो. १६० मीटर धरा. दोन गोळे काठावर पुरतात, म्हणून तीन घ्या, एकाच वेळी आणि एकाच लॉटचे. महिन्याने तोच नंबर आणलात तरी रंग किंचित वेगळा लागू शकतो. ओळी अर्ध्या इंचावर हव्या असतील तर सगळं दुप्पट. बंगालात कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, शिवणाऱ्या बायका जुन्या साडीच्या काठातूनच दोरे काढून वापरायच्या; तेवढा धीर असेल तर हा खर्चही वाचतो.

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण गुंता सोडवण्यात आणि दोरा घासून केसाळ होण्यात तो वेळ परत जातो.

गाठ लहान मारा. सुई ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर लांब, फक्त वरच्या थरातून आत घाला आणि ओळ सुरू व्हायच्या जागी वर काढा. दोरा हलका ओढला की 'टप्' असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत जाते. तो आवाज एकदा कानात बसला की हात थांबत नाही.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. डावा हात गोधडीच्या खाली. सुई उभी रोवा. टोक डाव्या हाताच्या बोटाला जेमतेम लागलं की टाका सगळ्या थरांतून गेला. लगेच खालून बोटाने कापड वर उचला, वरून सुई आडवी पाडा, टोक बाहेर येईल. असे तीन-चार टाके सुईवर भरा आणि मगच दोरा ओढा. एकेक टाका ओढत बसलात तर ओळ वाकडी जाते आणि खांदा दुखतो. पहिल्या दिवशी खालचं बोट टोचून घेतं, तिसऱ्या दिवसापर्यंत शहाणं होतं. रक्ताचा ठिपका पडलाच तर थंड पाण्याने ताबडतोब पुसा. गरम पाण्याने डाग बसतो.

इंचाला चार टाके आले तरी पुष्कळ. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असू द्या. दर ओळीनंतर गोधडी उलटून बघा. अस्तरावर टाके नुसते ठिपक्यांसारखे दिसत असतील तर सुई तिरकी चालली आहे, ती जास्त उभी धरा. आणि दोरा ओढून घट्ट करू नका. ओळीवरून बोट फिरवल्यावर दोरा कापडात जरा रुतलेला लागावा, कापड गोळा झालेलं लागू नये.

रेषा आखायला वापरून पातळ झालेली साबणाची चकती वापरा, धुतली की गेली. बॉलपेन नको, पेन्सिल नको. इस्त्रीने उडणाऱ्या शाईचं पेन हल्ली खूप जणी मागतात. ती शाई कडक थंडीत परत उमटते, तेव्हा अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या भाचीला पाठवायच्या गोधडीवर ते वापरू नका. मावशी तर काहीच आखत नसत. आधीच्या ओळीला बोट लावायचं, बोटाच्या रुंदीवर पुढची ओळ.

ओळी कशा घालायच्या यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडच्या जुन्या बायका कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घालत मध्यावर संपवतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही अशीच बाहेरून आत येते. त्या आधी टाचतही नाहीत, कापडाचे तुकडे लावत आणि शिवत मध्यापर्यंत जातात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या छोट्या तिकोनी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. पण त्यांचा डावा हात जास्तीचं कापड टाक्याटाक्याला वाटून टाकत असतो. तो हात आपल्याला पहिल्या गोधडीत येत नाही. म्हणून पहिली गोधडी टाचून घ्या आणि मधल्या ओळीपासून दोन्हीकडे शिवत जा. फेऱ्यांची दुसरी करा.

गोट

शिवण झाली की टाचलेला दोरा काढा आणि चारी कडा सारख्या करा; इंचभर इकडेतिकडे झालेलं असतं. जपून ठेवलेला काठ सुलट बाजूला ठेवून धावदोऱ्याने जोडा, मागे वळवा, कड आत मुडपून हेम घाला. सुरुवात कोपऱ्यापासून नको, पायाकडच्या बाजूच्या मध्यापासून करा. कोपऱ्यावर काठ ओढून वळवू नका. तिरकी घडी घालून जास्तीचं कापड आत दाबलं की कोपरा सपाट बसतो. पांघरताना हाताने ओढली जाते ती डोक्याकडची कड, तिथे हेमाचे टाके जवळजवळ घ्या.

चौकोन जोडायचे असतील तर

हौशी शिवणाऱ्यांना अखंड साडीचा वरचा थर साधा वाटतो, त्यांना तुकडे जोडायचे असतात. जोडा, पण हिशेब करून. ६० बाय ८५ ला ५ इंची चौकोन २०४ लागतात, आणि प्रत्येक चौकोन साडेपाच इंचांचा कापावा लागतो, कारण चारी बाजूंना पाव इंच, म्हणजे दोन सूत, शिवणीत जातं. शिवण अर्धं सूत जास्त गेली तर तुकडा दोन्हीकडून मिळून एक सूत लहान होतो. बारा तुकड्यांच्या ओळीत बारा सूत, म्हणजे दीड इंच. एक ओळ दीड इंच आखूड आणि शेजारची बरोबर, मग जोडताना दुसरीला चुण्या. मशीनच्या पट्टीवर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि कापड तिला घासून चालवा. चौकोनांना खळ घातलेली चालते, उलट बरी. शिवून झाल्यावर धुऊन काढा.

मशीनवर पूर्ण गोधडी शिवायची असेल तर १६ नंबरची सुई, टाका साडेतीन-चार मिलिमीटर, दाबपट्टीचा दाब कमी, आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने. एक ओळ वरून खाली, दुसरी खालून वर अशी शिवलीत तर वरचा थर एकदा इकडे आणि एकदा तिकडे सरकतो. मशीन सुरू करताना मधल्या ओळीपासूनच.

बाळाचं दुपटं

३६ बाय ४० इंच, तीनच थर, घरातली सगळ्यात मऊ साडी. सुरुवात करायला हेच सगळ्यात चांगलं, चार दिवसांत होतं. जर, टिकल्या, आरसे, बटणं काही नको, आणि बोटं अडकतील असे लांब टाकेही नकोत. बारशाला देताना सांगा की हे बाळाला खाली घालायला आणि मांडीवर घेताना वापरायला आहे. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या भोवती सुटं पांघरूण ठेवू नये, असंच हल्ली बालरोगतज्ज्ञ सांगतात.

धुणं आणि ठिगळ

पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात. पिळू नका, ओल्या गोधडीचं वजन इतकं वाढतं की पिळताना दोरा तुटतो. घडी करून मोरीच्या कट्ट्यावर निथळत ठेवा आणि मग गच्चीच्या कठड्यावर पसरून टाका. एका दोरीवर मधोमध टांगली तर सगळं पाणी दोन्ही टोकांना उतरतं आणि ती टोकं लांबतात. गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुऊन खडकांवर वाळत घालतात, त्याचं कारण पाणी आणि ऊन तर आहेच, शिवाय तेवढी मोठी सपाट जागा घरात नसते.

दोरा एखाद्या ठिकाणी तुटला तर पूर्ण ओळ उसवू नका; तुटल्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जुन्या टाक्यांवरूनच नवा दोरा घाला. भोक पडलं तर ठिगळ लावा, पण भोकाच्या मापाचं नको. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं, त्याला टाका धरत नाही. चारी बाजूंना चार बोटं मोठं ठिगळ घ्या, कडा आत मुडपा, आणि मूळ ओळींच्या रेषेतच त्याच्यावरून धावदोरा घाला. पाच थर केले असतील तर उरलेला तो ६० इंची तुकडा यासाठीच ठेवायचा होता. तो गोधडीबरोबरच धूत जा, म्हणजे ठिगळ लावायच्या दिवशी दोघांचा रंग सारखा उतरलेला असेल.